खोबरेल, भिरंडेल आणि सराफ्यातला काटा

इंदूरच्या सराफ्यात रात्री साडेआठच्या सुमाराला एकदा तरी उभं राहून बघावं. सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं एकेक करून खाली येत असतात, आणि त्याच दुकानांच्या ओट्यांवर दुसरंच कुणीतरी शेगडी मांडत असतं. दिवसभर जिथे गुंजभर सोन्यासाठी घासाघीस चालते, तिथे तासाभरात भुट्ट्याचा कीस, गराडू, साबुदाण्याची खिचडी, मालपुवा, रबडी आणि ताटाएवढा जलेबा येतो. मध्यरात्र उलटून गेली तरी गर्दी हटत नाही. राजवाड्यापासून चालत दोन मिनिटांवरची ही जागा. इंदूरला जाऊन आलेला प्रत्येक गोंयकार तिथल्या खोपरा पॅटीसबद्दल बोलतो. समुद्रापासून एवढ्या लांब नारळाचा पदार्थ बघून आपल्याला उगाचच अभिमान वाटतो, त्यातलाच हा प्रकार.

मी मात्र सराफ्यात पहिल्यांदा गेलो तो दिवसा, आणि खायला नव्हे. मला वजनकाटा हवा होता. साबण करण्यासाठी.

हसू नका. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी खूळ लागतं. कुणी बोन्साय करतो, कुणी कविता. मला साबणाचं खूळ लागलं. आमच्या कुळागरातले नारळ, घरी वाळवलेलं खोबरं, घाण्यावर काढून आणलेलं तेल आणि बाजारातला कॉस्टिक सोडा. बाकी काही नाही. रंग नाही, वास नाही. पांढरीशुभ्र, दगडासारखी टणक वडी, आणि फेस तर असा की बादलीभर पाणी कमी पडावं. खोबरेलाच्या साबणाला खाऱ्या पाण्यातसुद्धा फेस येतो. म्हणूनच बोटींवर असा साबण वापरत असत. आमच्या गोव्यातल्या तारवटींना ही गोष्ट पुस्तक न वाचताही ठाऊक असणार. तेव्हा माझं मत ठाम होतं : साबण करावा तर निव्वळ खोबरेलाचा. दुसरं तेल मिसळणं म्हणजे भेसळ.

2018 च्या डिसेंबरात आई मावशीकडे इंदूरला राहायला गेली. मावशी लग्न होऊन पन्नासेक वर्षांपूर्वी होळकरांच्या या गावात आलेली. तिचं मराठी आता निम्मं हिंदी झालंय आणि कोकणी फक्त आईशी भांडताना येते. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला पोचवायला गेलो तेव्हा मोठ्या प्रेमाने माझ्या साबणाच्या बारा वड्या तिच्या बॅगेत घातल्या. जानेवारीत तिला परत आणायला गेलो, तर तिच्या दोन्ही पोटऱ्यांवर कोरड्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा. काही ठिकाणी रक्त आलेलं. रात्री खाज सुटून झोप नाही. आई काही बोलली नाही. मावशी बोलली.

"हा साबण आहे की भांडी घासायचा सोडा? रोज म्हणते मी हिला, दुसरा लाव. तर ही म्हणते, बाबाने केलाय."

इंदूरचा जानेवारी म्हणजे कोरडी हवा आणि रात्री दहा अंशांच्याही खाली उतरणारा पारा. गोव्याच्या दमट हवेत ज्या साबणाने काही होत नव्हतं, तो इथे सोलून काढत होता, असं मी स्वतःला समजावलं. त्यात तथ्य होतंच. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा साबण झटकन विरघळतो, झटकन फेसाळतो आणि अंगावरचा मळ ओढताना कातडीचं स्वतःचं तेलही ओढून नेतो. तरुण, घामट कातडीला ते चालतं. म्हातारपणी कातडी मुळातच तेल कमी सोडते. तिच्याकडून तेही काढून घेतलं तर मग उरतं काय?

मावशीने ऐंशीच्या दशकात तिथल्या एका महिला मंडळात साबण शिकला होता. तिची पद्धत माझ्या अगदी उलट. माळव्यात सोयाबीन उदंड, त्यामुळे स्वयंपाकघरात सोयाबीनचं तेल, आणि साबणही त्याचाच, चवीपुरतं खोबरेल घालून. तिने कपाटातून जुनी वडी काढून दाखवली. बोटाने दाबली तर खळगा पडला, अंगावर केशरी ठिपके आणि वास रंगाच्या डब्यासारखा. सोयाबीनच्या तेलात लिनोलिक आम्ल अर्ध्याहून जास्त. असल्या तेलाचा साबण मऊ राहतो आणि हवा लागून खवट होतो. ते केशरी ठिपके म्हणजे खवटपणाच. पण तिच्या त्या बेंगरूळ वडीने आईच्या पायांची आग झाली नाही, हेही खरं. माझी देखणी वडी रक्त काढत होती आणि हिची गचगचीत वडी निदान गप्प होती.

तेव्हा दोघांनी मिळून मधला रस्ता काढायचा ठरलं. मावशीकडचा स्प्रिंगचा काटा दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे दाखवायचा, म्हणून मी सराफ्यात. सोनाराकडे नसेल चांगला काटा तर कुणाकडे असेल?

एका जुन्या पेढीवर गेलो. मावशीच्या घराण्याचे दागिने तिथेच होतात. गादीवर बसलेले गृहस्थ माझ्याच वयाचे. त्यांच्या शोकेसमध्ये जुना पितळी तराजू होता आणि शेजारी लाल गुंजा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, असं त्यांनी मला हिंदीत म्हणून दाखवलं आणि वर सांगितलं की तो तोळा 11.66 ग्रॅमचा, आता बाजारात सरळ 10 ग्रॅमच धरतात. पोरगा कोपऱ्यात रिठ्याच्या पाण्यात चांदीचे पैंजण ब्रशने घासत होता. रिठ्याचा फेस बघून मला बरं वाटलं, मी काही अगदीच परक्या धंद्याच्या दुकानात आलो नव्हतो. माझं काम सांगितल्यावर ते म्हणाले, आमचा काटा तुमच्या कामाचा नाही, तो ग्रॅमचा शंभरावा भाग मोजतो पण किलोभर माल पेलत नाही. शेजारच्या काटेवाल्याकडे पाच किलोपर्यंतचा, एका ग्रॅमच्या अचूकतेचा मिळेल. आणि मग सहज विचारलं, "सोडा तोलके लेते हो, वो समझा भिया. तेल कैसे लेते हो?"

"लिटरने," मी म्हणालो. "एक लिटर म्हणजे एक किलो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं सोनं पितळेच्या भावात विकणाऱ्याकडे पाहावं. "लिटर तो नाप है. तोल कहाँ हुआ?"

घरी येऊन मावशीच्या स्वयंपाकघरात तेलाची पिशवी उचलली. एवढी वर्षं बघतोय, कधी वाचलं नव्हतं. एक लिटर, आणि बाजूला छापलेलं : 910 ग्रॅम.

आता हिशेब सांगतो, कारण तो मी त्या रात्री झोप न येता तीनदा केला. एक किलो खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण 183 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. मी घ्यायचो 180, म्हणजे थोडं तेल मोकळं राहावं असा माझा शहाणपणा. पण माझं तेल एक किलो नव्हतंच, ते होतं सव्वानऊशे ग्रॅमच्या आसपास. त्याला लागणार 168 ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे प्रत्येक घाण्यात बारा-साडेबारा ग्रॅम सोडा तसाच मोकळा. सराफ्याच्या हिशेबाने सव्वा तोळा. तेल मोकळं राहण्याऐवजी सोडाच मोकळा राहात होता, आणि तो मी आईच्या पायांना लावत होतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काही भाग मवाळ झाला असेल, पण सगळा नाही.

सकाळी मावशीला मी एवढंच सांगितलं की खोबरेलाचं प्रमाण जास्त झालं. सव्वा तोळ्याची गोष्ट सांगितली नाही. दोष खोबरेलावर ढकलून मोकळा झालो. कुळागराने माझं काय वाईट केलं होतं कोण जाणे.

तेलं निवडायची म्हणजे काय करायचं, हे मग आम्ही रीतसर बघितलं. सराफ्यातले ते गृहस्थ म्हणाले होते, चोख सोन्याचा दागिना टिकत नाही, मऊ असतं ते, तांबं-चांदी घालून बावीस कॅरेटचं करावं लागतं. उपमा छान, पण साबणात अडचण अशी की इथे "चोख" खोबरेल मऊ नव्हे, भलतंच कडक पडतं. इथे मऊपणाची मिसळ हवी. प्रत्येक तेलाचा एक गुण आणि त्या गुणाची किंमत. खोबरेल फेस देतं आणि कोरडं करतं. शेंगदाण्याचं तेल सौम्य, पण फेस आळशी, आणि फार घातलं तर तेही खवट होतं. एरंडेल स्वतः फेस करत नाही, पण दुसऱ्याने केलेला फेस धरून ठेवतं. जास्त झालं तर वडी चिकट. मोहाच्या बियांचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं आणि वडीला अंग देतं. झाबुआ-अलिराजपूरकडचे लोक ते खातातही. खादी-ग्रामोद्योगवाल्यांनी साबणासाठी मोह, कडुनिंब, करंज अशा तेलांचा पुरस्कार पन्नासच्या दशकापासून केला तो याच हिशेबाने : खायची तेलं खायला ठेवा. वास मात्र उग्र. मावशीने नाकाला पदर लावला.

आणि इथे मला आमचं भिरंडेल आठवलं.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. भिरंड म्हणजे कोकम. फळाची सालं सोलांसाठी जातात, बिया राहतात. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारं तेल गोळा करतात. थंड झालं की ते घट्ट होतं, मुठीत वळून त्याचे लांबट गोळे करतात. माझ्या लहानपणी प्रत्येक घरात फळीवर असा एक गोळा असायचा. पावसाळ्यात चिखल्या झाल्या, थंडीत टाचा फुटल्या की आजी तो दिव्यावर धरायची आणि वितळलेला थेंब भेगेत सोडायची. चटका बसायचा, आम्ही ओरडायचो. शरीराच्या उष्णतेच्या थोडंसं वर, चाळिशीच्या आसपास ते वितळतं, म्हणून तळहातावर लगेच पाघळत नाही. त्यात अर्ध्याहून जास्त स्टिअरिक आम्ल, उरलेलं बहुतेक ओलेइक. म्हणजे वडी टणक करायची ताकद खोबरेलासारखी, पण कातडी सोलायची खोड नाही. गोव्याबाहेरचे लोक हल्ली त्याला कोकम बटर म्हणतात आणि गोऱ्या बाटल्यांतून महाग विकतात.

जाता जाता एक. खोबरेल, एरंडेल, करंजेल, उंडेल, भिरंडेल, आमच्या कोकणीतलं नाल्लेल. या सगळ्यांच्या शेपटीला जे "एल" आहे ते तेलच. आणि तेल म्हणजे तरी काय, तिळाचं ते तैल. म्हणजे आपण "खोबरेल तेल" म्हणतो तेव्हा एकाच वस्तूला दोनदा तेल म्हणतो, आणि पोटात तीळही घालतो. साबण हा शब्द आपल्याकडे अरबी-फारशीतून आला की पोर्तुगीज साबांवमधून, यावर वाद घालणारे घालोत. आमच्या घरात साबू म्हणतात आणि पोर्तुगीजांचंही नाव घेत नाहीत. असो.

मावसभावाकरवी फोंड्याहून भिरंडेलाचे चार गोळे मागवले. चार-पाच घाणे फसले, तो तपशील नको. एक मात्र सांगायला हवा, कारण तो धोक्याचा आहे. घाईत मी सोड्याचं पाणी मावशीच्या जर्मनच्या पातेल्यात केलं. ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक सोडा यांचं हाडवैर. पातेलं फसफसून काळं पडलं, आणि त्यातून निघणारा वायू म्हणजे हायड्रोजन, पेट घेणारा. शेजारी गॅस चालू होता. मावशीने पहिल्यांदा गॅस बंद केला, मग मला शिव्या दिल्या. क्रम बरोबर होता. तेव्हा स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं भांडं घ्या, हातमोजे आणि चष्मा घाला, सोडा पाण्यात सोडा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नका, आणि हे सगळं खिडकीजवळ, मुलंबाळं लांब ठेवून.

शेवटी जमलेलं प्रमाण असं. एक किलो तेलात खोबरेल 250 ग्रॅम, मोहाचं 300, शेंगदाण्याचं 300, भिरंडेल 100 आणि एरंडेल 50. ग्रॅम म्हणतोय, मिलिलिटर नव्हे. या प्रत्येकाला लागणारा सोडा वेगळा. खोबरेलाला किलोमागे 183, मोह, शेंगदाणा आणि भिरंडेल यांना 135-136, एरंडेलाला 128. बेरीज 147 ग्रॅमच्या थोडी वर येते. त्यातला सहा टक्के कमी करून आम्ही 138 घेतला, 300 ग्रॅम पाण्यात. हा कमी केलेला सोडा म्हणजेच साबणात मोकळं राहिलेलं तेल, आणि म्हाताऱ्या कातडीचा सगळा सुखदुःखाचा मामला या सहा टक्क्यांत आहे. निव्वळ खोबरेलाचा करायचाच असेल तर जाणकार पंधरा-वीस टक्के मोकळं ठेवतात, हे मला पुढे कळलं. तुमच्याकडे यातलं एखादं तेल नसेल आणि दुसरं घालणार असाल, तर सोड्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून करा. माझे आकडे उचलून तेल बदललं तर पुन्हा सव्वा तोळ्याची गत.

वड्या पाडल्यावर सहा आठवडे जाळीच्या फळीवर वारं लागेल अशा ठेवायच्या. दिवाळीच्या अभ्यंगाला हवा असेल तर घाणा दिवाळीच्या सहा आठवडे आधी पडला पाहिजे. हे थांबणंच लोकांना जमत नाही. आईची तिकिटं आम्ही पुढे ढकलली. सहा आठवडे तिने मावशीचा सोयाबीनवाला साबण लावला आणि रात्री भिरंडेल. वड्या तयार झाल्या तोवर मार्चचं ऊन लागलं होतं. वड्यांचा रंग फिका हिरवट-पिवळा, माझ्या पांढऱ्याशुभ्र वडीपुढे अगदी गावंढळ. फेस थोडका, पण दाट, दुधाच्या सायीसारखा. मोहाचा वास अजून होता. आईने पाय धुतले, पुसले, बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "ओढत नाही." बस्स. तिच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. भेगा पूर्ण भरायला एप्रिल गेला. त्यात साबणाचा वाटा किती, भिरंडेलाचा किती आणि संपलेल्या थंडीचा किती, हे वेगळं काढता येणार नाही, आणि मी उगाच श्रेय घेणार नाही.

मावशीला मात्र आता खूळ लागलं. 2018 पासून तळणीचं तेल किती वापरावं यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. त्यातले ध्रुवीय घटक पंचवीस टक्क्यांवर गेले की ते खाण्यातून बाद. तिने पेपरात वाचलं आणि रात्री सराफ्यात एका ओळखीच्या गराडूवाल्याकडे जाऊन डबाभर उतरलेलं तेल मागितलं. तो म्हणाला, "मावशीजी, इसका क्या करोगे?" ती म्हणाली, तुझी कढई धुवायचा साबण करून देते. गाळून, पाण्याबरोबर उकळून, मीठ घालून निवळलं, तरी साबण झाला तो जिरावनच्या वासाचा. भांडी लख्ख निघायची. पण धुतलेल्या पेल्यातून पाणी प्यायलं की गराडू खाल्ल्याचा भास व्हायचा. गराडूवाल्याने वडी आनंदाने घेतली म्हणे. त्याच्या कढईला त्या वासाचं वावडं असायचं कारणच नव्हतं.

आईला सव्वा तोळ्याची गोष्ट मी पुढच्या वर्षी सांगितली, कुळागरात, टाळेबंदीच्या दिवसांत. दोघंच होतो, वेळच वेळ होता. ती पाटावर बसून भिरंडा फोडत होती, हात लालभडक. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हाका खबर आसलें. पयल्या न्हाणाकच कळ्ळें." मग तो साबण महिनाभर का लावलास, असं विचारलं. तिने उत्तर दिलं नाही. बियांची परात माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, या उन्हात घाल, आभाळ भरून आलंय.

आई गेल्यालाही आता तीन वर्षं झाली. काटा अजून चालतो. बॅटरी तेवढी बदलावी लागते. गेल्या आठवड्यात मावशीचा फोन होता, भिरंडेल संपलंय, पाठव, आणि या खेपेला एरंडेल पन्नासाच्या ऐवजी चाळीस घालून बघणार आहे, वडी चिकटते. मी म्हटलं, सोडा पुन्हा मोज. ती म्हणाली, ते तू मला सांगतोस?